दप्तरी दाखल

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर बाकावर आम्ही तिघं बसलोय. काकू, त्यांचा थोरला आणि मी. बोलावणं अकराचं होतं, बारा वाजून गेलेत. बाक ज्या भिंतीला टेकलाय तिच्या पलीकडे पोलीस ठाणं आहे. कंपाउंड एक, फाटक एक, पाण्याची टाकी एक. मध्ये गुडघाभर उंचीचं मेंदीचं कुंपण, तेही एका जागी येण्याजाण्यानं मोडून वाट पडलेलं. त्या वाटेनं मघापासून चहाची किटली दोनदा इकडे आली आणि दोनदा तिकडे गेली. ज्या ठाण्याविरुद्ध काकूंचा अर्ज आहे, त्याच्या दारातला पहारेकरी मला इथून दिसतो. त्याला आम्हीही दिसत असणार.

"गुरुजी, त्यो त्यातला का?" काकू पदराआडून विचारतात.

"मला काय ठाऊक? ह्याला विचारा."

थोरला वर बघत नाही. त्याच्या मोबाइलच्या काचेवर तिरका तडा गेलाय. त्यात अडकलेली धूळ तो नखानं काढत बसलाय.

अर्ज मीच लिहून दिलाय. निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडे गावात दोन कामं हमखास येतात, लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या तपासायचं आणि अर्ज लिहायचं. बहुतेक अर्ज वीजबिलाचे, नाहीतर बांधाचे. हा तसा नव्हता. भोगीच्या रात्री साडेदहाला पोलिसांची बोलेरो आमच्या आळीत आली. त्या दिवसांत विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जात होती, आतलं तांबं भंगारात चांगल्या भावानं जातं म्हणून. थोरला छोटा हत्ती चालवतो, रात्रीअपरात्री भाडं मारतो. तेवढं पुरलं. 'साहेबांनी बोलावलंय, पाच मिन्टांत सोडतो' म्हणून घेऊन गेले ते संक्रांतीच्या दुपारी दोनला सोडलं. तळपाय सुजलेले, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गुन्हा दाखल नाही, अटक नाही, नोटीस नाही. काकू रात्रभर ठाण्याच्या फाटकाशी बसून होत्या. घरी का नाही गेलात, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या सांगलीच्या पोराचं टीव्हीवर बघितलं हुतं की."

२०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत कोठडीत मेलेल्या एका तरुणाचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, आणि आधी सांगितलं होतं की तो पळून गेला. काकूंना तारीख आठवत नाही, 'पळून गेला' तेवढं आठवतं.

आतून हाक येते. रीडर हवालदारांची खोली. रीडर म्हणजे साहेबांचे कागद बघणारे, हे मला आजच कळलंय. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी, बोलायला मऊ. "या, बसा गुरुजी. काकू, तुमी बी बसा." खुर्च्या दोन आहेत. थोरला उभा राहतो.

ते संगणकावर एक जुनी फाइल उघडतात. मी तिरका बसलोय, पडदा दिसतो. वर कुणा तिसऱ्याचंच नाव आहे. ते खोडून थोरल्याचं नाव येतं, वय, धंदा, राहणार. त्याखालची ओळ खोडावी लागत नाही, ती तयारच आहे: 'मी समक्ष हजर राहून विचारलेवरून जबाब लिहून देतो की,'. जबाबाचं शेपूटही तयार आहे. फक्त पोट भरायचं.

"हां, सांग बाबा. काय झालं?"

थोरला सांगतो. हळू, पण न अडखळता. घरी तो एवढं कधी बोलला नव्हता. काकू पहिल्यांदाच ऐकतायत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतायत. तो सांगतो की आधी एका खोलीत बसवलं, मग दुसऱ्या. मग पालथं झोपवून एक जण पाठीवर बसला, दुसऱ्यानं पट्टा घेतला. केबल कुठं विकली, एवढंच विचारत होते. रीडरांची दोन बोटं टकटक करत राहतात. त्याचं बोलणं संपण्याआधीच टकटक संपते.

प्रिंटरमधून दीड पान येतं. "वाच आणि सही कर."

तो कागद माझ्याकडे देतो. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात, हात आपोआप पेन शोधतो. 'रात्रभर डांबून ठेवले' याचं 'काही वेळ थांबवून घेतले' झालंय. पट्टा नाही. पाठीवर बसलेला माणूस नाही. त्या जागी 'माझेकडे सदर गुन्ह्याबाबत विचारपूस केली' आहे. आणि अगदी तळाशी, सहीच्या बरोबर वर: 'सदर बाबत माझी आता कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही.'

"हवालदारसाहेब, ह्यात मारलेलं कुठाय?"

"गुरुजी, जबाबाची भाषा कायद्याची असते."

"मारण्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात?"

ते चष्मा काढतात. "मारहाण."

"मग तेवढंच लिहा."

ते लिहितात. खरंच लिहितात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. 'काही वेळ'चं 'रात्रभर' होतं, पट्टा येतो. शेवटच्या ओळीवर मात्र बोट थांबतं. "ही सगळ्याच जबाबांत असती."

"तक्रारीच्या चौकशीचा जबाब आहे हा. त्यात तक्रार नाही असं कसं लिहायचं?"

त्यांना ते पटतंय आणि पटून चालणार नाही हेही कळतंय. ते केबिनच्या दाराकडे बघतात. दार अर्धवट उघडं आहे. आतून आवाज येतो, "काढा ती ओळ," आणि मागोमाग साहेबच बाहेर येतात. तरुण आहेत, स्पर्धा परीक्षेतून थेट आलेले. काकूंना नमस्कार करतात, थोरल्याला बसायला सांगतात, स्वतः उभेच राहतात.

"काकू, मी स्वतः ठाण्यात जाऊन कागद बघितलेत. स्टेशन डायरी बघितली. त्या रात्री तुमच्या मुलाला आणल्याची कुठंच नोंद नाही."

"साहेब, तीच तर तक्रार आहे," मी म्हणतो.

ते माझ्याकडे जरा वेळ बघतात. उत्तर देत नाहीत. "मेडिकल आहे?"

आहे म्हणावं तर आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं?" थोरला म्हणाला, "पोलिसांनी." डॉक्टरांचं पेन तिथंच थांबलं. म्हणाले, मारहाणीची केस आहे, पोलिसांची यादी आणा. यादी म्हणजे जखमीला तपासा असं डॉक्टरांना लिहिलेलं पोलिसांचं पत्र. ते आणायला परत त्याच ठाण्यात जायचं होतं. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, ती तिथं परिचारिका आहे, मध्ये पडून केसपेपर काढून दिला. त्यावर दोन्ही तळपायांवरच्या वळांची लांबी सेंटिमीटरमध्ये आहे, कानाच्या पडद्याला भोक पडल्याचं आहे, 'मारहाण झाल्याचे सांगतो' असं आहे. कुणी, ते नाही.

साहेब केसपेपरची झेरॉक्स घेतात, उजेडात धरून वाचतात, फाइलला लावायला सांगतात. "मी अहवाल पाठवतो." जबाबाची प्रत मागितली तर ती मिळत नाही, माहिती अधिकारात मागा म्हणतात.

बाहेर पडताना मला सारखं एक वाटत राहतं, आणि ते काकूंसमोर बोलण्यासारखं नाही. पोरगा त्या रात्री मेला असता तर चोवीस तासांत दिल्लीला मानवी हक्क आयोगाला कळवावं लागलं असतं. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली असती, शवविच्छेदनाचं चित्रण झालं असतं, तपास सीआयडीकडे गेला असता. तो जिवंत आहे म्हणून त्याचा अर्ज जिल्ह्याला एसपी साहेबांच्या अर्ज शाखेत गेला, 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शिक्का बसून खाली आला, आणि बोलावणं सांगायला आमच्या दारात ठाण्याचाच बीट अंमलदार उभा राहिला. फिरून फिरून भोपळे चौकात.

एप्रिल अखेरीला पोस्टमन पत्र देतो. साडेतीन ओळींचं. 'आपल्या अर्जातील मजकुराबाबत चौकशी केली असता सदर इसमास पोलीस ठाण्यात आणल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. अर्जात तथ्य आढळून येत नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' काकू मला ते दोनदा वाचायला लावतात. 'दप्तरी दाखल' म्हणजे पुढं घेतलं का, असं विचारतात. मी सांगतो, म्हणजे कपाटात ठेवलं.

*

पुढल्या वर्षीचा मे महिना. पहाटे साडेपाचची लाल परी. काकूंचं अर्धं तिकीट, माझंही अर्धं, थोरल्याचं पूर्ण. विभागाच्या शहरापर्यंत चार तास. पोलीस तक्रार प्राधिकरणापुढं आज आमची तिसरी तारीख आहे. पहिल्या दोन तारखांना समोरून उत्तरच आलं नव्हतं.

प्राधिकरण म्हणजे काय ते मी काकूंना एस.टी.त पुन्हा एकदा सांगतो, कारण मागच्या वेळी त्यांनी ते कोर्ट समजून पायरीला हात लावून नमस्कार केला होता. प्रकाश सिंह नावाचे एक मोठे पोलीस अधिकारी होते. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीसप्रमुख, मग सीमा सुरक्षा दलाचे. निवृत्त झाल्यावर १९९६ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की पोलीस खातं सुधारा.

"पोलिसानंच पोलिसावर केस केली?"

"केली. आणि दहा वर्षांनी जिंकली."

काकू खिडकीबाहेर बघत यावर बराच विचार करतात.

२२ सप्टेंबर २००६ च्या त्या निकालात सात आदेश होते. त्यातला एक असा की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण असावं, आणि त्याच्या डोक्यावर निवृत्त न्यायाधीश असावा. महाराष्ट्रानं २०१४ साली पोलीस कायदा दुरुस्त केला तेव्हा राज्याचं ठेवलं, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. ३६ जिल्हे आणि ६ विभाग. जिल्हा धरला असता तर आम्ही सकाळी जेवून निघालो असतो.

इथं कुठली तक्रार चालते तेही कायद्यात ठरवून दिलंय. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, रीत सोडून केलेली अटक किंवा डांबणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन नाहीतर घर बळकावणं, आणि कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर. माझ्या पहिल्या मसुद्यात मारहाणीवर भर होता. तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाल्या, गुरुजी, गंभीर दुखापत म्हणजे आपल्याला गंभीर वाटते ती नाही. नव्या न्याय संहितेत माणूस १५ दिवस आपलं रोजचं काम करू शकला नाही तर ती गंभीर, जुन्या कायद्यात २० दिवस होते. थोरला नवव्या दिवशी छोटा हत्ती घेऊन बाहेर पडला होता. गाडीचा हप्ता पाच तारखेला जातो. एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं तरी ती गंभीर धरतात, पण त्याचा पडदा दीड महिन्यात भरून आला. तेव्हा देवीला नारळ फोडला होता आम्ही. वकीलबाई म्हणाल्या, मार दुसऱ्या परिच्छेदात घ्या, पहिल्यात डांबणं घ्या. साडेपंधरा तास. आणि नोंद नाही हे रडगाणं म्हणून लिहू नका, आरोप म्हणून लिहा.

व्हरांड्यात पोचतो तर बाकावर त्या ठाण्यातला हवालदार बसलाय. साध्या कपड्यांत. थोरला दोन पावलं मागं सरतो. हवालदार उठून काकूंना जागा देतो. "बसा काकू, हितं पंखा लागतोय."

काकू बसत नाहीत. तोही मग बसत नाही. मोकळ्या बाकावर पंख्याचा वारा जात राहतो. जरा वेळानं तो माझ्याशी बोलायला लागतो, जणू मी त्रयस्थ आहे. त्या रात्री तो ठाणे अंमलदार होता. इथली नोटीस गेल्यावर खात्यानं त्याला 'कारणे दाखवा' दिलीय, डायरीला नोंद का घेतली नाही म्हणून. कसुरी अहवाल वर गेलाय, वेतनवाढ अडकेल. "नोंद मी घेतली न्हाय, खरंय गुरुजी. पण घ्यायची का न्हाय ते माझ्या हातात असतं व्हय?"

"हे आत सांगाल?"

तो हसतो. पोरीच्या बारावीचं काहीतरी सांगायला लागतो.

आमचा नंबर पुकारतात. खोली साधी आहे. लांब टेबल, फायलींचे गठ्ठे, कोपऱ्यात वातानुकूलन यंत्राखाली बादली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्या डाव्या हाताला सदस्य म्हणून निवृत्त पोलीस अधिकारी, हे गेल्या तारखेला कळल्यापासून काकूंच्या मनात अढी आहे. ("न्यायाला बसवायला पोलिसच घावला?") समोरच्या बाजूला पोलीस निरीक्षक गणवेशात, आता दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेले. त्यांचे वकील आहेत. आमचा मी आहे.

उत्तराचं प्रतिज्ञापत्र आज आलंय. अध्यक्ष ते वाचतात, मग आमच्या फाइलमधलं साडेतीन ओळींचं पत्र शोधून काढतात आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात. बराच वेळ काही बोलत नाहीत.

"वकीलसाहेब, गेल्या वर्षी तुमच्याच खात्यानं लिहून दिलंय की ह्या मुलाला ठाण्यात आणल्याचं दिसत नाही. आज तुम्ही शपथेवर म्हणताय, तो १४ तारखेला सकाळी नऊ वाजता स्वतःहून आला, विचारपूस करून लगेच सोडला."

"होय सर. आणला नव्हता. आला होता."

"आल्याची नोंद?"

"लगेच सोडल्यामुळे नोंद घेतली गेली नसावी. आणि सर, वादासाठी धरून चाललो की रात्री आणला, तरी चोवीस तासांच्या आत सोडलेलाच आहे."

"अटक केली होती?"

"नाही सर."

"मग चोवीस तास कशाचे मोजताय?"

वकील फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागतात. निरीक्षक समोरच्या पाण्याच्या ग्लासवरचं झाकण सरळ करतात.

अध्यक्ष काकूंना पुढं बोलावतात. शपथ होते. काकू मोठ्यानं बोलतात, मंडईत भाव सांगतात तशा, आणि थांबत नाहीत. गाडी आळीत कशी आली, मागचं दार बसत नव्हतं म्हणून दोरीनं बांधलेलं होतं, आपण चुलतदिराच्या फटफटीवर बसून मागोमाग कशा गेलो, फाटकाशी कशा बसलो. रात्री दोनच्या सुमाराला तीच गाडी बाहेर गेली. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी परत आली. आत आपला पोरगा तर नसेल म्हणून आपण दोन्ही वेळा गाडीत डोकावलो.

"दोरी कसली होती?" हे पोलीस सदस्य विचारतात. आजपर्यंत ते काही बोलले नव्हते.

"कासऱ्याची. निळी. पलास्टिकची."

ते निरीक्षकांकडे वळतात. आवाजात राग नाही, कामाचा आहे. "त्या रात्रीचं गाडीचं लॉगबुक आणलंय?"

"सर, मूळ कागदपत्रांत स्टेशन डायरी आणली आहे."

"डायरी बघितली मी. लॉगबुक विचारतोय. गाडी गावात गेली नसेल तर किलोमीटर लागणार नाहीत. गेली असेल तर लागतील. डिझेल ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून घालत नाही."

"मागवून घ्यावं लागेल सर."

"त्या रात्रीचं ड्युटी रजिस्टरही मागवा."

काकू माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. गावापासून ठाणं २२ किलोमीटर. मी वर्षभर डायरीच्या मागे होतो. अर्ज, अपील, स्मरणपत्र, सगळी डायरीसाठी. गाडीलाही वही असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते यायला आयुष्य ठाण्यात काढलेला माणूसच हवा होता.

मग मी उभा राहून सीसीटीव्हीचं विचारतो. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात फाटकापासून कोठडीपर्यंत कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि चित्रण १८ महिने जपून ठेवायला हवं. ते चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. संक्रांतीनंतर तिसऱ्याच दिवशी मी माहिती अधिकारात त्या रात्रीचं चित्रण मागितलं होतं. पोचेवर शिक्का आहे. उत्तर आलं की तपासात बाधा येईल म्हणून देता येत नाही, कलम ८(१)(ज). थोरल्यावर गुन्हाच नाही तर तपास कसला, असं मी अपिलात विचारलं. ते अजून पडून आहे. पण वकीलबाईंनी त्या उत्तराची झेरॉक्स जपून ठेवायला सांगितली होती. बाधा येते म्हणाले म्हणजे तेव्हा वस्तू होती.

अध्यक्ष ती झेरॉक्स मागून घेतात.

"चित्रण आहे का?"

निरीक्षक म्हणतात, आपली बदली झाली आहे, सध्याच्या प्रभारींकडून माहिती घ्यावी लागेल. वकील म्हणतात, हार्ड डिस्क तपासून सांगतो.

"तपासा. आणि तपासेपर्यंत पुसू नका. हे रोजनाम्यात घ्या." लिपिक टंकायला लागतो. त्याचीही दोन बोटं. मी नकळत मान वाकडी करून पडद्याकडे बघतो. तो कोऱ्या पानावर लिहितोय.

मी धीर करून आणखी एक विचारतो, की प्राधिकरणाचं म्हणणं पडलं तर पुढं काय. अध्यक्ष सरळ उत्तर देतात. आम्ही साक्षीला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर विचारू शकतो. शिक्षा देत नाही. निष्कर्षाचा अहवाल जातो. कारवाई करायची ती शासनानं आणि खात्यानं, आणि अहवाल नाकारायचा तर त्याची कारणं लेखी द्यायची. एवढं सांगून ते पुढची फाइल ओढतात. तिच्यावरही कुणाचा तरी केसपेपर टाचलेला दिसतो.

बाहेर व्हरांड्यात हवालदार अजून उभाच आहे. निरीक्षक त्याच्याशी न बोलता पायऱ्या उतरून जातात. थोरला त्यांच्या पाठीकडे बघतोय. आज त्यानं मान वर करून बघितलेलं मी पहिल्यांदा पाहतो. त्याला आत काही विचारलंच नाही. त्याची साक्ष पुढं केव्हातरी.

स्टँडवर भेळ घेतो. काकू कागदाच्या कोनात बोटं घालत विचारतात, "गुरुजी, ती किलोमीटरची वही बदलतील का हो?"

"बदलता येते."

"आन् कॅमेऱ्याचं?"

मी खिशातली दैनंदिनी काढतो. पुढची तारीख मिळालीय १ जुलै. चित्रण जपून ठेवायचे १८ महिने संपतात १३ जुलैला. मध्ये बारा दिवस आहेत. परतीची गाडी सव्वाचारला लागते.